शहाच्या तोंडी घातलेले शब्द

१

शहा बुर्झीन पडद्यामागे मेला, आणि तो गार पडायच्या आत स्पेददेझ किल्ल्याचा दरवाजा बंद झाला.

बंद म्हणजे बंद. नवा शहा ठरेपर्यंत माणूस सोडा, कबूतरसुद्धा बाहेर जाणार नाही. रीतच तशी. नाहीतर बातमी डोंगर उतरते आणि खाली गावागणिक एकेक शहा उगवतो.

रोझबेह तेव्हा शिपायांच्या पंगतीत जेवत होता. शहाचा धाकटा पोरगा, पण वरच्या पंगतीला त्याला कुणी बोलवत नसे. वय एकोणीस, डावा कान अर्धा, डोकं कायम तापलेलं. अंगाला खोट असलेला माणूस शहा होत नाही, त्यामुळे कानाबरोबर गादीही गेली. पाच वर्षांपूर्वी मधल्या भावाने, वर्दानने, तलवारीचा खेळ करता करता तो उडवला होता आणि वर म्हणाला होता, "चुकून लागली रे." चुकून म्हणे!

पंगतीत शब्द नव्हता. जेवताना कोण बोलतंय? आधी प्रार्थना पुटपुटून वाज धरायची, मग ताट संपवून, हात-तोंड धुऊन, उरलेली प्रार्थना होईस्तोवर तोंडातून अक्षर काढायचं नाही. अगदीच काही लागलं तर नाकातून हुंकार. समोरचा जाड्या शिपाई भाकरीकडे बोट करून "उं, उं" करत होता आणि रोझबेह मुद्दाम त्याच्यापुढे मुळा सरकवत होता. तेवढ्यात दारात कुणीतरी बोंबललं.

"शहा गेले! दाईनं विष घातलं, दाईनं!"

तोंडात घास, वाज अर्धी, उठावं तर पाप, बसावं तर राजद्रोह. अख्खी पंगत जागच्या जागी अडकली. रोझबेहने तोंडावर पाणी मारलं, प्रार्थना पळत पळतच म्हटली.

दाई म्हणजे शीरग. आई बाळंतपणात गेल्यावर जिने त्याला दूध पाजलं, वाढवलं, ती.

२

वरच्या दालनात अग्नीसमोर शीरगला दोरानं बांधून बसवलं होतं. तोंडात बोळा. डोळे मात्र सगळ्यांना शिव्या देत होते.

दस्तूर आदुरफर, किल्ल्यातले मुख्य धर्मगुरू, तोंडाला पांढरं फडकं बांधून उभे होते. पडदेदार फर्रुखची जबानी चालू होती. हा वीस वर्षं शहा आणि दुनिया यांच्यामध्ये पडदा धरून उभा राहिलेला माणूस. चेहराही पडद्यासारखाच झालेला. मागचं काही दिसायचं नाही.

"मी बाहेर होतो," फर्रुख म्हणाला. "आतून शहांचा आवाज आला, अगदी स्पष्ट. 'शीरग, काय घातलंस ह्यात? माझ्यामागे गादी वर्दानची.' मग धपकन आवाज. पाहिलं तर मागच्या दारात ही बाई."

लेखनिकाने लिहून घेतलं. दस्तुरांनी ओल्या मातीवर मोहोर दाबली. झालं. अग्नीसमोर बोललेलं आणि मोहोर लागलेलं वाक्य शहालासुद्धा मागे घेता येत नाही.

"म्हणजे मी शहा," वर्दान म्हणाला. तो खांबाला टेकून उभा होता. बापाचं प्रेत शेजारच्या खोलीत, आणि हा कमरेचा पट्टा नीट करत होता.

"घाई कसली?" थोरला माहदाद हळू आवाजात म्हणाला. त्याचे डोळे रडून लाल झाले होते. "दाईला विष घालायला सांगितलं कुणी, हे नको कळायला? दस्तूरबाबा, माझं ऐका. रोझबेहला विचारपूस करू द्या. त्याला गादी मिळणार नाही, म्हणजे तो कुणाच्या बाजूचा नाही. आणि ह्याच्या नजरेतून माशी सुटत नाही."

"हा?" वर्दान हसला. "ह्याला एका बाजूनं ऐकू येतं."

"तुझ्याच कृपेनं," रोझबेह म्हणाला. "दुसऱ्या बाजूनं तुझी बडबड पुरते मला."

"पुरे!" दस्तूर ओरडले. "नीट ऐक, पोरा. प्रेत उन्हातच टेकडीवर न्यायला हवं. सूर्य मावळायच्या आत दरवाजा एकदाच उघडेल, प्रेतासाठी. त्याआधी गुन्हेगार सापडला तर ठीक. नाहीतर ही बाई राखेच्या कोठीत."

राखेची कोठी किल्ल्यातल्या पोरांनाही माहीत होती. उंच भिंती, आत गळ्याइतकी मऊ राख. वरून ढकलायचं. जेवढी हालचाल कराल तेवढी ती नाकातोंडात जाते.

रोझबेहने खिडकीतून पाहिलं. ऊन बर्फावरून अर्धं अंगण ओलांडून गेलं होतं.

३

शीरगला कोठीशेजारच्या खोलीत टाकलं होतं. बाहेर माहदादचे दोन शिपाई. रोझबेहने तिच्या तोंडातला बोळा काढला, तर पहिलं वाक्य आलं, "मेल्या, ताटावरून उठून आलास ना?"

"दाई, तुला ढकलतायत राखेत!"

"म्हणून उपाशी राहणारेस? ओठाला भाकरीचा चुरा लागलाय, पूस."

त्याने तोंड पुसलं. "सांग, काय झालं?"

"काय सांगू? स्वयंपाक मी केला. सगळ्या भांड्यांतून आधी कुत्र्याचा घास काढला, रोजच्यासारखा. मग प्रत्येक पदार्थ चाखला. मी जिवंत, कुत्रा जिवंत. ताट आत ठेवलं नि मागच्या दारामागे जाऊन बसले."

"बाबा बोलले काय?"

"बोलले?" शीरग उसळली. "अरे गाढवा, ते ताटावर होते! वाज धरलेली! चाळीस वर्षांत ह्या माणसानं जेवताना अक्षर काढलेलं नाही. एकदा सरदार आगीत जळत होता समोर, तरी हुंकारानंच दाखवलं, पाणी टाका म्हणून. आणि तो माझं नाव घेऊन भाषण करेल?"

"मग तसं सांगायचंस!"

"बोळ्यातून?"

रोझबेहने हातातला बोळा खाली टाकला. मग म्हणाला, "आता सांगितलं तरी उपयोग नाही. तू आरोपी. फर्रुख म्हणेल, जेवण उरकलं होतं, वाज सोडली होती, मग बोलले."

"उरकलं नव्हतं. आत जाऊन बघ." मग तिने मान खाली घातली. पहिल्यांदाच तिचा आवाज बारीक झाला, दाराबाहेर जाणार नाही इतका. "एक गोष्ट कुणाला सांगितली नाही. ते हुंकारले होते. तीनदा. मला वाटलं भाकरी हवी. मी आपली सावकाश उठले, तव्यावरची गरम घेऊन जाऊ म्हणून उलटवत बसले. धावले असते तर... कुठल्या तोंडानं सांगू हे, रोझू?"

४

प्रेताच्या खोलीत कुणी पाय ठेवत नव्हतं. प्रेत उचलणारे दोघे आणि कुत्रा सोडला तर आत गेला तो बाटला. नऊ रात्री अंघोळी, तोपर्यंत अग्नीपासून तीस पावलं लांब, कुणाला शिवायचं नाही, कुणाबरोबर जेवायचं नाही. म्हणूनच आत काय आहे ते कुणीच पाहिलं नव्हतं.

रोझबेह उंबऱ्यावर क्षणभर थांबला. मग शिवी हासडून आत शिरला. पहारेकरी भिंतीला चिकटून मागे सरले.

बापाचा चेहरा झाकलेला होता. पायाशी पिवळा कुत्रा बसलेला, डोळ्यांवर दोन काळे ठिपके, म्हणजे चार डोळ्यांचा. प्रेतावर ह्याच जातीच्या कुत्र्याची नजर पडावी लागते. ह्यानंच सकाळी शहाच्या ताटातला पहिला घास खाल्ला होता आणि आता मजेत शेपटी आपटत होता.

शहाची उजवी मूठ चादरीबाहेर आली होती. मुठीत चावलेली भाकरी.

ताट अर्धं. मटणाचा तुकडा मोडलेला. आणि पलीकडे तिवईवर पाण्याचा कुजा. शहाचं पाणी खालच्या झऱ्यावरून येतं, तोंडावर मातीचा गोळा थापून, पाणक्याच्या मोहोरेचं. शहा ती मोहोर स्वतः फोडायचा, जेवण संपल्यावर, हात-तोंड धुवायला. त्याशिवाय वाज सुटत नाही.

मोहोर अखंड होती. तिच्यावरच्या सिंहाची आयाळसुद्धा शाबूत.

तोंड धुतलं नाही, म्हणजे वाज सुटली नाही. वाज सुटली नाही, म्हणजे शब्द नाही. दाई सुटली! रोझबेहला ओरडावंसं वाटलं. पण बाप मेला होता हेही खरंच, आणि विष कुठेतरी होतंच. दाईने चाखलं त्यात नाही, कुत्र्यानं खाल्लं त्यात नाही. मग?

ताटाशेजारी चांदीची डबी उघडी होती. मीठ. कुत्र्याचा घास अळणी काढतात. दाई स्वयंपाकघरात चाखते. आणि ही डबी तर कधी पडद्याबाहेर जातच नाही. ती भरायची पडदेदाराने.

त्याने डबी उचलली, कुजा काखेत मारला आणि बाहेर आला. फर्रुख आपल्या जागेवर उभा होता, रिकाम्या दारासमोर, सवयीनं.

"फर्रुखकाका," रोझबेह म्हणाला, "चाट."

"सरकार?"

"बापाचं मीठ आहे. वीस वर्षं खाल्लंत. चिमूटभर आणखी खा."

फर्रुख मागे सरकला. एक पाऊल, दोन पावलं. पाठ भिंतीला लागली.

"का? खाल्ल्या मिठाला जागणारी माणसं तुम्ही. चाटा की!"

आणि पडदेदाराने गुडघे टेकले. "वर्दान सरकारांनी सांगितलं!" तो रडायला लागला. "त्यांनीच, सरकार! मीठही त्यांनीच दिलं, शब्दही त्यांनीच दिले!"

५

वर्दान! रोझबेह जिना तीन तीन पायऱ्यांनी चढला. पाच वर्षं तो ह्या दिवसाची वाट बघत होता. अर्धा कान ठणकत होता, जणू तोही खूश झालाय.

वर्दान आपल्या खोलीत शेगडीशी बसला होता. रोझबेह दारातच थांबला. बाटलेल्या माणसाने आगीजवळ जायचं नाही. तिथूनच त्याने सगळं तोंडावर फेकलं. वाज, मोहोर, मीठ, फर्रुख.

वर्दानचा रंग उडाला. तरी जीभ शाबूत होती. "कानतुट्या, अक्कलही उडवली होती वाटतं मी. मी बापाला का मारीन?"

"गादीसाठी!"

"ती मिळालीच होती मला. परवाच बाबांनी पत्र लिहून दस्तुरांकडे दिलं. सणाच्या दिवशी फोडणार होते. विचार त्या म्हाताऱ्याला. जो बाप मला शहा करणार, त्याला चार दिवस आधी मी मारू? आणि असं खोटं फर्रुखकडून वदवून घेऊ? मला काय ठाऊक नाही बाबा जेवताना बोलत नाहीत ते?"

"पत्राचं आणखी कुणाला माहीत होतं?"

"दादाला मीच सांगितलं," वर्दान म्हणाला. "त्याचं तोंड बघायचं होतं मला."

हाच तो वर्दान. खुशीसुद्धा सुई करून टोचायची.

रोझबेहने दस्तुरांना लांबूनच विचारलं. त्यांनी मान हलवली. होय, पत्र आहे. नाव वर्दानचंच.

तो जिन्यावरच बसला. ऊन आता अंगणाच्या शेवटच्या भिंतीवर चढत होतं. काहीतरी कुजकं होतं, वास येत होता. फर्रुख इतक्या लगेच कसा फुटला? आणि त्याने असलं खोटं रचलंच कसं? वीस वर्षं पडद्याशी उभा राहिलेला माणूस. शहा जेवताना बोलत नाही हे कुणाला ठाऊक नसेल तर ह्याला ठाऊक असणार. त्याला खोटंच बोलायचं होतं तर 'सकाळी पूजेनंतर बोलले' म्हणता आलं असतं. कुणाच्या बापाला कळलं नसतं.

म्हणजे ही चूक नव्हती. हे खोटं पकडलं जावं म्हणूनच बोललं होतं.

"दमलास?" मागून आवाज आला. माहदाद वरच्या पायरीवर उभा होता. सात-आठ पावलं सोडून तो बसला आणि वाळलेल्या जर्दाळूंची पुडी पायरीवर ठेवून हळूच खाली सरकवली. "खा. सकाळपासून पोटात धड काही नाही तुझ्या. मी म्हटलं नव्हतं, तुझ्या नजरेतून काही सुटायचं नाही? ऐकलं मी सगळं. वर्दान असा निघेल असं वाटलं नव्हतं रे."

"दादा, तू कुठे होतास तेव्हा?"

"खाली दरवाज्याशी, किल्लेदाराबरोबर. बर्फ बघत होतो." त्याने डोळे पुसले. "बिचारे बाबा. तीन वेळा हुंकारले, तीन वेळा, आणि धावलं नाही कुणी."

जर्दाळू रोझबेहच्या दातांत अडकला.

तीन वेळा. दाईने ते फक्त त्याला सांगितलं होतं. दरवाजा बाबांच्या खोलीपासून दोन अंगणं लांब. तिथे ओरडा पोचायला वेळ लागतो, हुंकार कसा पोचेल?

त्याने चेहरा सांभाळायचा प्रयत्न केला. पण त्याला चेहरा सांभाळता कधी आला होता?

माहदाद हसला. आवाज अजूनही तसाच मऊ. "काय झालं, धाकट्या?"

६

"भिंतीमागच्या खोलीत होतास," रोझबेह म्हणाला. "ऐकत बसलास. बाप मरेपर्यंत."

"हळू बोल. दाईला ऐकू जाईल. दोन्ही पहारेकरी माझे आहेत, बघितलंस ना? कोठीचं दार तिच्यापासून चार पावलं." माहदादने स्वतःकडे ठेवलेला एक जर्दाळू तोंडात टाकला. "तुझं काही बिघडलेलं नाही. तू शोधलंस ते सगळं सांग. वाज, मोहोर, मीठ. फर्रुख वर्दानचं नाव घेईल. दाई सुटेल. तुझा कान ज्याने नेला त्याचं मुंडकं जाईल. उरलेलं एवढंसं गिळून टाक."

"म्हणून मला पुढे केलंस."

"त्या खोलीत पाय टाकायची छाती दुसऱ्या कुणाची होती?"

रोझबेहला वाटलं, आपण सकाळपासून धावतोय ते उंदरासारखे, कुणीतरी आखून दिलेल्या बोळातून. प्रत्येक वळणावर चीज ठेवलेलं, आणि त्याने ते पटापट खाल्लं होतं.

"फर्रुखला काय मिळणार?"

"जीव. नवा शहा माफ करू शकतो." माहदाद उठला. "ऊन उतरलं. चल. वर्दान म्हण, की दाई घरी. दुसरं काही म्हण, की राख."

दालनात सगळे जमले. मधे अग्नी, शेजारी दस्तूर, उजवीकडे वर्दान, डावीकडे माहदाद. रोझबेहला तीस पावलं लांब, पार दाराशी उभं केलं. त्याच्या दोन्ही अंगांना माहदादचे शिपाई. पळायचं म्हटलं तरी कुठे?

त्याने कुजा आणि डबी पुढे ढकलली. मोहोर सगळ्यांनी पाहिली. दस्तुरांनी जबानी पुन्हा वाचली. "वाज धरलेला माणूस बोलला म्हणून मी मोहोर लावली," ते पुटपुटले. "मी!"

"बोल, कुणाचं काम?" माहदाद म्हणाला. "नाव घे, रोझबेह."

"घेतो. पण दाई साक्षीदार आहे. तिनं शहांचा शेवटचा आवाज ऐकला. ती अग्नीपाशी उभी राहून बोलल्याशिवाय माझ्या बोलण्याला वजन नाही. हो ना, दस्तूरबाबा?"

"बरोबर आहे. आणा तिला."

माहदादने क्षणभर धाकट्याकडे पाहिलं. नकार द्यायला त्याच्याकडे कारण नव्हतं. त्याने मान हलवली.

शीरग आली. तिला अग्नीपाशी उभं केलं, दोर सोडला. अग्नीच्या कठड्यात कुणी पातं उपसत नाही, शहासुद्धा नाही. ती कठड्याच्या आत पाऊल टाकेपर्यंत रोझबेहने श्वास धरला होता. आता सोडला.

"दाई, काय ऐकलंस?"

"हुंकार. तीन."

"कुणाला सांगितलंस?"

"तुला. आणखी कुणाला सांगणार, बोळ्याला?"

"मग दादाला कसं ठाऊक? मघाशी जिन्यावर तो मला म्हणाला, तीन वेळा हुंकारले. दादा म्हणतो तो दरवाज्याशी होता. किल्लेदार, होता?"

किल्लेदार म्हातारा होता आणि खोटं बोलायला आळशी. "आले होते," तो म्हणाला. "ओरडा झाल्यावर आले. धापा टाकत."

"बाटलेल्या पोराचं काय ऐकता!" माहदादचा आवाज पहिल्यांदा चढला. "फर्रुखनं कबूल केलंय! वर्दाननं—"

"फर्रुखकाका!" रोझबेह दारातून ओरडला. "माझ्याकडे बघा. वीस वर्षं पडदा धरलात, आणि शहा जेवताना बोलले म्हणता? एवढं भिकार खोटं तुमचं नाही. ते पकडलं जायलाच हवं होतं. ते ज्याचा गळा कापतं तो वर्दान. मग वर्दान स्वतःचा गळा कापायचे शब्द तुम्हाला शिकवेल? आणि पकडल्यावरही जीव वाचेल असं तुम्हाला ज्यानं सांगितलं, तो तुम्हाला जिवंत ठेवील? त्याचं गुपित पोटात घेऊन तुम्ही म्हातारे होणार, हे तो बघत बसणार?"

फर्रुखने माहदादकडे पाहिलं. नुसतं पाहिलं.

आणि माहदाद घाबरला. मऊ आवाजाचा, लाल डोळ्यांचा माहदाद घाबरला आणि म्हणाला, "तोंड बंद करा त्याचं! मारा!"

कुणी हललं नाही. पडदेदाराच्या चेहऱ्यावरचा पडदा मात्र सरकला. "थोरल्या सरकारांनी," तो म्हणाला. "मीठ त्यांनी दिलं. भिंतीमागे ते होते. म्हणाले, रोझबेह शोधून काढील, तू लगेच रडायला लाग."

७

माहदादला त्याच दोन शिपायांनी धरलं. शिपायांना वारा कळतो. पत्र फोडलं, वर्दानच्या डोक्यावर शहाचा पट्टा बांधला, नगारा वाजला. हे सगळं होईस्तोवर ऊन फक्त बुरुजाच्या टोकावर राहिलं होतं.

वर्दान दाराशी आला. तीस पावलं मोजून नाही, पण अंतर राखून. "तू मला वाचवलंस," तो म्हणाला, जसं काही शिवीच देतोय.

"तुला नाही. दाईला. मधे तू आलास."

"काय हवं?"

"दरवाजा उघडेल तेव्हा ती बाहेर. आणि मी तिच्याबरोबर. नऊ रात्री मला तसंही बाहेरच अंघोळी करायच्या आहेत."

वर्दान विचार करत राहिला. त्याला विचार करताना रोझबेहने पहिल्यांदाच पाहिलं, आणि ते त्याला आवडलं नाही.

"दाई जाईल. तिला खेचर द्या, कांबळं द्या," नवा शहा म्हणाला. "तू नाही. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एक शहा होता होता पाडलास तू. उद्या कुणी तुला सांगितलं की मलाही असंच उलगडून बघ, तर? असा माणूस मी डोंगराखाली सोडू? अंघोळी इथल्या अंगणात कर. दाणापाणी मिळेल. आणि डोळे सांभाळ हं. फार चांगले आहेत."

रोझबेहच्या डोक्यात रक्त चढलं. एक शब्द बोलला असता तर अख्खं दालन वर्दानवर उलटवता आलं असतं का? कदाचित. पण दाई अग्नीच्या कठड्याबाहेर आली होती. खेचरावर बसत होती.

तो गप्प बसला. जन्मात पहिल्यांदा.

दरवाजा उघडला. आधी कुत्रा, मग प्रेत, मग पांढऱ्या कपड्यांतले लोक दोघा-दोघांत एकेक फडकं धरून. शेवटी खेचर.

"येतोयस ना?" शीरगने वळून विचारलं.

"मागून येतो."

तिने त्याच्याकडे पाहिलं. तिला त्याचं खोटं लहानपणापासून ओळखू यायचं. ती खेचरावरून उतरायला लागली, तशी त्याने खेचराच्या ढुंगणावर लांबूनच बर्फाचा गोळा मारला. ते उधळत दरवाज्याबाहेर गेलं.

"मेल्या!" बाहेरून आवाज आला. "रोझू! कुत्र्या! तुझ्या कानाखाली आवाज काढीन!"

"कुठल्या कानाखाली?" तो ओरडला.

ती आणखी काहीतरी ओरडली. मग आणखी काहीतरी, पण ते वळणापलीकडून होतं, शब्द कळले नाहीत, नुसता सूर. त्याने चांगला कान दरवाज्याकडे केला. सहा माणसांनी दरवाजा लोटला, आडणा सरकला, आणि सूरही थांबला.

पहारेकऱ्याने हातभर लांब उभं राहून घसा खाकरला. "चला सरकार, आत चला."

"आतच आहे की मी," रोझबेह म्हणाला.